म्हशीच्या दगडावरची तारीख

खंडाळा, १४ सप्टेंबर १९३४

नूरभाई,

सलाम. रीत आहे म्हणून आधी सलाम लिहिला. नाहीतर तीन वर्षांत ज्यानं दोन ओळींचं कार्ड टाकलं नाही, अशा थोरल्या भावाला काय लिहायचं असतं ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तुझा पत्ता शेजारच्या हौशीरामनं आणला. तो मुंबईला बहिणीकडे गेला होता, तिथं गोदीच्या फाटकाशी तू त्याला दिसलास म्हणे. "नूर लय वाळलाय, पर चालनं तसंच, मान खाली घालून," असं त्यानं येऊन सांगितलं. अब्बा ऐकत होते. त्या दिवसापासून ते भाकरी अर्धी ठेवतात.

बातमी अशी की जूनपासून सडकेवरची दगडाच्या पहाऱ्याची नोकरी मी करतो. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तू सोडून गेलास तेव्हा ते पुन्हा कामावर उभे राहिले आणि तीन वर्षं त्यांनी कशीबशी ओढली. या वर्षी कोंडाजी मुकादमाच्या लक्षात आलं आणि त्यानं पितळी बिल्ला माझ्या छातीवर लावला. मला कुणी विचारलं नाही. तुला तरी कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

काम तुला माहीत आहे. पण मी ते कसं करतो हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सकाळी उठून घाटातल्या सगळ्या भेगा बघत फिरायचं. भेगेवर चुन्याची वीतभर पट्टी आडवी मारलेली असते आणि चुना ओला असतानाच तिच्यावर खिळ्यानं तारीख कोरलेली. दगड केसभर जरी हलला तरी पट्टी तडकते. तडकली की तिला हात लावायचा नाही, पळत जाऊन मुकादमाला सांगायचं. न तडकता जितकी वर्षं जातील तितका दगड भला. आपल्या घरांवरच्या म्हशीची, त्या बसक्या काळ्या दगडाची, पट्टी सगळ्यांत जुनी. शेवाळानं आकडे धड दिसत नाहीत, पण कोंडाजीच्या वहीत १०-६-२९ आहे. पाच पावसाळे झाले. अब्बा रोज विचारतात, "म्हस बसलीया न्हवं?" मी म्हणतो, "बसलीया."

आता मुद्द्याचं. मेहमुदाचा निकाह पंचवीस नोव्हेंबरला, रमजान लागायच्या आत. मुलगा वडगावचा, टांगा चालवतो, स्वभावानं गरीब आहे. तू पळालास तेव्हा तिचं पहिलं ठरलेलं मोडलं होतं हे तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून मी कळवतो. तिचा होकार विचारून आणायला घरचा वकील लागतो. तो मान थोरल्या भावाचा आहे. ये.

खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी ये. मला एकविसावं लागलंय. घर गळतं, सगळे माझ्याकडे बघतात. अब्बांना खोकला येतो, मेहमुदा माझ्याकडे बघते. माझी बायको अकबरी, तिला तू पाहिलंच नाहीस, तिला सहावा महिना आहे, पोटात मूल हललं तरी ती विचारते, "अवं, आता कसं करायचं?" मला काय माहीत कसं करायचं? मीही तिच्याबरोबरच या घरात पहिल्यांदा मोठा झालोय.

राजमहंमद


खंडाळा, ४ ऑक्टोबर

नूरभाई,

उत्तर नाही. बरं.

इकडे सगळं ठीक आहे. कौलं चाळली. अकबरीला बाळंतपणाला माहेरी धाडायचं की लग्न उरकून, यावर घरात तीन दिवस चर्चा झाली आणि शेवटी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी म्हटलं, लग्नानंतर. का म्हटलं ते मलाही माहीत नाही, काहीतरी म्हणायचं होतं.

म्हशीचं तसं काही नाही.

म्हणजे गेल्या गुरुवारी पट्टीवर एक रेघ दिसली. केसाएवढी. नख फिरवल्याशिवाय कळली नसती. चुना जुना झाला की उन्हानं तडकतो, हे अब्बाच सांगायचे. मी कोंडाजीकडे जायला निघालो होतो, खरंच निघालो होतो. वाटेत हिशोब केला. पट्टी तडकल्याची वर्दी गेली की खालची पाचही घरं त्याच दिवशी रिकामी करतात, दगडाला पहारी लावून बघेपर्यंत कुणाला परत येऊ देत नाहीत. महिना जाईल, दोन जातील. निकाह घरातून लावून द्यायचा असं वडगावकरांना कबूल केलंय. घरच नाही म्हटल्यावर ती माणसं काय म्हणतील? मेहमुदाचं दुसऱ्यांदा मोडलं तर तिसऱ्यांदा कोण विचारायला येणार?

मी परत फिरलो. चुना भिजवला, रेघेवर पातळ हात मारला, वर शेवाळ चोळलं आणि वहीतली तारीख कोरली. १०-६-२९. लग्न झालं की सव्वीस तारखेला स्वतः जाऊन सांगणार आहे. मधे काही होत नाही. पाच वर्षं बसलेली म्हैस आता दोन महिन्यांसाठी कशाला उठेल?

हे पत्र वाचून फाडून टाक.

राजू


खंडाळा, १९ ऑक्टोबर

नूरभाई,

चौदा दिवसांनी पुन्हा रेघ आली. या वेळी नख लावावं लागलं नाही.

चुना मारला. परतीचा पाऊस विजा घेऊन आला, सलग दोन दिवस. तो थांबल्यावर वर गेलो तर पट्टी पुन्हा तुटलेली. ती फक्त चार दिवसांची होती. तीही तशीच लिंपली. आता माझ्या खिशात चुन्याची डबी कायम असते आणि अकबरी म्हणते, पान खायला कधी शिकलात?

काल कोंडाजी ओव्हरसियर साहेबांना घेऊन आला होता. साहेब नवे आहेत. कोंडाजीनं त्यांना म्हशीपाशी नेऊन उभं केलं आणि पट्टी दाखवली. "ह्ये बघा सायेब, इमामभाईच्या हातची. पाच वर्सं झाली, तडा न्हाई. काय रं राजू?"

"व्हय," मी म्हणालो.

"पोरगं बी बापावानीच हाय, डोळ्यांत तेल घालून बघतंय."

साहेबांनी पट्टीवर काठीचं टोक टेकवलं. चुना अजून आतून ओला होता. काठी रुतेल म्हणून मी टोकाकडे बघत राहिलो. रुतली नाही. ते गेले, आणि मी पट्टी पुन्हा अंगठ्यानं चाचपून पाहिली.

घरी आलो तर अब्बा ओट्यावर बसले होते. आंधळ्या माणसाला सगळं आधी कळतं याचा मला अलीकडे राग येतो. म्हणाले, "राजू, पावलं जड पडत्यात तुजी."

"दमलोय."

"म्हस बसलीया न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं. मग म्हणाले, "बरं."

नूरभाई, तू थोरला आहेस. हे सगळं तुझ्या वाट्याचं होतं. मी तुझं जेवण जेवतोय असं वाटतं आणि ते घशाखाली उतरत नाही. काय करू ते कळव. शिव्या घातल्यास तरी चालेल.

राजू


खंडाळा, ३० ऑक्टोबर

नूरमहंमद,

आज सलाम नाही.

चुना धरत नव्हता म्हणून मी आज वरचे थर खरवडायला घेतले. थर जाड झाला की पट्टी दगडाला चिकटून राहते आणि उशिरा तुटते, म्हणजे खोटं बोलते. तेवढं तरी खरं करावं म्हणून कोयतीच्या टोकानं खरवडत गेलो. वरचे तीन थर माझे. त्यांच्याखाली शेवाळलेला जुना निघाला. मी समजत होतो की तोच अब्बांचा असणार. फडकं ओलं करून पुसला. तारीख १०-६-२९. पण नऊ तुझा होता. शेपूट खाली लांब ओढून डावीकडे वळवलेला. त्या नवावरून मास्तरांनी तुला किती वेळा छडी मारली ते मी पुढच्या बाकावर बसून पाहिलंय. आणि तुझ्या थराला आरपार तडा होता.

तो काढला तर खाली आणखी एक थर. त्यावरही १०-६-२९. ते आकडे अब्बांचे, ठोकळेबाज, एकाला एक न चिकटलेले. तो थरही तडकलेला.

म्हणजे अब्बांची खरी पट्टी तुझ्या वेळी तुटली आणि तू तिच्यावर लिंपून जुनी तारीख घातलीस. मग ऑक्टोबरात अंगावरचा सदरा घेऊन निघून गेलास. आम्हाला वाटलं, तुला मुंबईची हवा लागली. अब्बांना वाटलं, त्यांच्या हातून काही चुकलं. मेहमुदा तर समजते की तिच्या लग्नाच्या जबाबदारीला तू भ्यालास. आणि आम्ही सगळे तीन पावसाळे त्या दगडाखाली झोपलो. तुला माहीत होतं आणि आम्ही झोपलो.

तुझ्याकडून मी काय करू हे विचारत होतो. तू काय केलंस ते आता कळलं. तेच मीही केलं, फक्त मला पळून जाता येत नाही. माझ्या बायकोला सहावा महिना होता, आता सातवा आहे.

दुपारी उघड्या भेगेत हात घातला. पूर्वी दोन बोटं जायची. आज चारही गेली आणि आतून थंड हवा लागली.

राजमहंमद


खंडाळा, ९ नोव्हेंबर

नूरभाई,

सांगितलं. एकतीस तारखेला सकाळी कोंडाजीकडे जाऊन सांगितलं की म्हशीची पट्टी तुटली. त्यानं लाल निशाण लावलं, ओव्हरसियरना वर्दी दिली, आणि दिवस मावळायच्या आत पाचही घरं रिकामी झाली. वरच्या बंगल्याचा माळी महिपती भला माणूस, त्यानं मालकांना विचारून रिकामा तबेला दिला. तिथं आम्ही सव्वीस माणसं, अकरा कोंबड्या आणि धोंडाबाईची शेळी आहोत. मेहमुदाच्या लग्नाचे कपडे ट्रंकेत, ट्रंक गव्हाणीत. ती माझ्याशी बोलत नाही. वडगावकरांचा निरोप आला, "घर मिळालं की कळवा, मग बघू."

पण मी सगळं सांगितलं नाही. पट्टी आजच तुटली, पहिल्यांदाच तुटली, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही आणि माझंही घेतलं नाही. अकबरीचं पोट बघितलं आणि तोंडातून तेवढंच निघालं.

त्या अर्ध्या खोट्यानं आता माझा गळा धरलाय. साहेबांनी येऊन बघितलं, नवी पट्टी मारायला लावली, लाल निशाण उतरवलं आणि वर लिहितो म्हणाले. पाच वर्षांत एकदाच तडकलेल्या दगडाची कुणाला घाई? खालचे लोक तर मलाच हसतात. हौशीराम परवा सगळ्यांदेखत म्हणाला, "चुना उनानं तडाकला आन ह्यानं आमाला शेळ्यांत निजवलं." तुला आठवतं, हेच कारण मी स्वतःला दिलं होतं.

काल हौशीराम चूल पेटवायला म्हणून खाली गेला आणि राहिला. आज धोंडाबाई नातवंडं घेऊन गेली. मी वाटेत आडवा उभा राहिलो. ती म्हणाली, "तुज्या बापानं वीस वर्सं दगड राखला, त्यो कवा आसा भ्याला न्हाई. सर बाजूला."

मी सरलो. एकविसाव्या वर्षी आजीच्या वयाच्या बाईला हात धरून कसं अडवतात ते मला येत नाही.

राजू


खंडाळा, १५ नोव्हेंबर, गुरुवार

नूरभाई,

अब्बाही परत गेले. मेहमुदानं हात धरून नेलं. मी पाया पडलो तरी ऐकलं नाही. "पंचवीसला पोरीचा निकाह माज्या दारात लागंल," एवढंच म्हणाले. अब्बा गेले म्हटल्यावर उरलेली दोन घरंही गेली. तबेल्यात आता मी, अकबरी आणि महिपतीचा कुत्रा.

नवी पट्टी सोमवारी तुटली. कोंडाजीनं मारली, ती बुधवारी तुटली. त्याचा चेहरा उतरलाय. पण साहेबांचं वरचं उत्तर येईपर्यंत तो लोकांना बाहेर ओढू शकत नाही. लोक म्हणतात, पाच वर्षं टिकलेला दगड आठवड्यात पडत नसतो.

पाच वर्षं तो टिकलेलाच नाही, हे फक्त मला माहीत आहे आणि तुला. ते कळल्याशिवाय कुणी उठणार नाही.

उद्या दुपारी कोंडाजी सडकेवरच्या माणसांची हजेरी घ्यायला खाली येतो. सगळे असतील, अब्बाही नमाजाहून परतलेले असतील. मी उभा राहून सांगणार आहे. आधी तुझं नाव घेईन, मग माझं. अब्बांच्या तोंडावर काय दिसेल ते बघायची माझी हिंमत नाही, तरी बघावं लागेल. ज्या मुलाच्या नावानं ते अजून अर्धी भाकरी ठेवतात, त्याला मी उद्या सगळ्यांसमोर खोटा ठरवणार.

मला माफ कर म्हणत नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा झालेलं असेल.

राजू


खंडाळा, १७ नोव्हेंबर

नूरभाई,

सलाम. आज मनापासून.

काल हजेरी झाल्यावर मी उभा राहिलो. लिंबाखाली, सगळ्यांसमोर. सांगितलं की म्हशीची पट्टी माझ्या हाताखाली तीनदा तुटली आणि तीन वेळा मी खोटी तारीख घातली. माझ्या आधी नूरभाईच्या वेळी तुटली होती, त्यानंही तेच केलं. वहीतली पाच वर्षं खोटी आहेत.

धोंडाबाई धाकट्या नातवाला कडेवर घेऊन उभी होती. ती हळू म्हणाली, "मंजी मी तीन वर्सं त्या दगडाखाली लेकरं निजवली?"

मी म्हणालो, "व्हय, मावशी."

मग अब्बा उठले. काठी शोधत होते, मेहमुदानं ती हातात दिली. म्हणाले, "नूरचं नाव घिऊ नगा. पयली खोटी पट्टी माजी."

नूरभाई, मी अब्बांच्या थरापाशी थांबलो होतो. त्याच्याखाली आणखी एक होता. तीस साली पावसात पट्टी तुटली तेव्हाच त्यांचे डोळे अधू झाले होते. वर्दी दिली असती तर साहेब भेग दाखवून खुणा विचारणार आणि दिसत नाही हे उघडं पडणार. तू चौदाचा असल्यापासून त्यांच्याबरोबर फिरायचास, पण नोकरी लागायला तुझं वय भरत नव्हतं. म्हणून त्यांनी लिंपली. पुढच्या वर्षी तू कामावर लागलास, पट्टी पुन्हा तुटली, तू एका कडेनं खरवडून पाहिलंस आणि तुला बापाचे आकडे दोन थरांवर दिसले. तू घरी येऊन त्यांना विचारलंस. अब्बांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "त्यानं इचारलं, अब्बा, वर्दी दिऊ का? मी म्हनालो, माजी आब्रू जाईल. त्यानं माज्यासाटी चुना लावला आन म्हैन्यानं घर सोडलं. मी त्येला जा म्हनलो न्हाई, पर ऱ्हा बी म्हनलो न्हाई."

मी तुला काय काय लिहिलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तीस तारखेचं पत्र फाड. मला माहीत नव्हतं.

एवढं बोलून अब्बा घरात गेले. आम्हाला वाटलं, बसायला गेले. ते वाकळ आणि तांब्या घेऊन बाहेर आले आणि एकटेच चाचपडत वरच्या वाटेला लागले. त्यांच्यामागे मेहमुदा ट्रंक घेऊन निघाली. मग धोंडाबाई निघाली. हौशीराम सगळ्यांत शेवटी निघाला, माझ्यासमोर थुंकला आणि चालता झाला. त्याचा हक्क आहे. अंधार पडायच्या आधी खाली एकही चूल राहिली नव्हती.

कोंडाजीनं बिल्ला काढून घेतला. "उद्यापास्नं येऊ नगस," म्हणाला. थोडं पुढं जाऊन परत आला आणि विचारलं, "किती दिस ऱ्हाईलं आसंल, तुला काय वाटतं?" मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माहीत नसताना माहीत नाही असं म्हणालो.

वडगावकरांचा निरोप अजून नाही. मेहमुदा काल मला जेवायला वाढताना म्हणाली, "निकाह झाडाखाली बी हुतो. न्हाईच झाला तर मी तुज्या पोराला सांबाळीन." ती बोलली, एवढं मला पुरे आहे. अब्बा आज पूर्ण भाकरी खाऊन मग विचारत होते, मुंबईची गाडी किती वाजता येते.

नोकरी नसली तरी आज सकाळी मी वर गेलो होतो. कोंडाजीनं काल संध्याकाळी मारलेली पट्टी दोन तुकडे होऊन भेगेत पडली होती. मी डबीतला उरलेला चुना काढला, पातळ हात मारला आणि आजची तारीख कोरली. १७-११-३४. बसून राहिलो. चुना वाळायच्या आतच तिच्यावर रेघ उमटली.

तू ये, नूरभाई. पंचवीसला निकाह होवो न होवो, ये. फक्त स्टेशनवरून उतरलास की बंगल्याकडच्या वरच्या रस्त्यानं ये, आम्ही तबेल्यात आहोत. खालच्या वाटेनं येऊ नकोस.

तुझा राजू